हवा, बादली, माती

१

रविवारी सकाळी सात वाजता मॅनेजर सहा नंबरच्या व्हॉल्व्हच्या खड्ड्यात सापडला. डोकं खाली, पाय वर, आणि कवटी अशी फुटलेली, की एरवी बागेच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारणाऱ्या पंपवाल्याच्या तोंडून आवाजच निघेना. त्याला सगळे भोंगा म्हणतात. भोंगा धावत आमच्या दारात आला, पायरीवर ओकला आणि नुसता बोटाने बागेकडे दाखवत बसला.

मी पळाले. "टकळे, थांब!" आई मागून ओरडली. टकळी म्हणजे मीच. माझं तोंड थांबत नाही म्हणून पडलेलं नाव. पायही थांबत नाहीत, पण त्याला कुणी नाव शोधलेलं नाही.

सिमेंटचा चौकोनी खड्डा, आत गुडघाभर गंजकं पाणी. ते पाणी आज नुसतं गंजकं नव्हतं. मॅनेजरचा चेहरा अर्धा वर होता. ओठ फाटलेला, आणि वरचा पुढचा दात जागेवर नव्हता. तिथे काळं भोक होतं आणि भोकात एक मुंगी शिरत होती. कानामागे हाड आत गेलं होतं, अंड्याचं कवच चमच्याने फोडतात तसं. मला ओकारी आली नाही. मला स्वतःचंच आश्चर्य वाटलं.

त्याच्या छातीवर लोखंडी गिरमिट पडलं होतं, माती काढायचं, कमरेइतकं उंच, वर आडवी मूठ. पात्याला केस चिकटले होते. मुठीला लाल कापडाची पट्टी गुंडाळलेली.

ती पट्टी माझ्या जुन्या शाळेच्या स्कर्टची होती. गिरमिट माझ्या आईचं होतं.

२

आता जरा मागे जाऊ, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मालकीणबाईंची लिंबाची बाग दहा तुकड्यांची. प्रत्येक तुकड्यात मातीतला ओलावा मोजणारा एक सेन्सर पुरलेला असतो, चार बोटं खोल, मागे केबल. दर पाव तासाला तो दोन आकडे ऑफिसातल्या कॉम्प्युटरला पाठवतो. एक ओलाव्याचा, एक खाराचा. ओलावा खाली गेला की कॉम्प्युटर म्हणतो, माती तहानली, आणि पाणी सोडतो. पण सेन्सरही माणसांसारखेच. काही खरे, काही थापाडे. कोण किती थाप मारतो ते पकडायचं काम माझ्या आईचं.

तिची पद्धत ठरलेली. सेन्सर उपटायचा, पुसून हवेत धरायचा, शून्य यायला हवं. मग बादलीत बुडवायचा, शंभर यायला हवेत. मग परत मातीत. आणि मातीत घालताना पातळ चिखल कालवून भोवती ओतायचा आणि अंगठ्याने दाबायचा. "फट राहिली की तो माती मोजत नाही, हवा मोजतो," आई म्हणते. हवा, बादली, माती. बाकीच्या पोरी लंगडी खेळायच्या तेव्हा मी हे खेळायचे.

ज्या सेन्सरची खोड जात नाही त्याला आई नाव देते आणि माझ्या लाल नेलपॉलिशने केबलच्या पट्टीवर लिहिते. आठ नंबरचा रडका. सहा नंबरची फुगी. फुगी कायम सात जास्त सांगते. हवेत धरली तरी सात. आईने ही यादी कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या इंजिनिअरला तीनदा दिली. "बाई, सेन्सरना नावं ठेवणं हे शास्त्र नाही," तो म्हणाला. त्याला बागेत सगळे चष्मा म्हणतात. शास्त्र नसेल, पण चालतं.

शुक्रवारी राडा झाला. दोन नंबरची चाळीस जुनी झाडं मुळं कुजून मेली, आणि मॅनेजरने वीस माणसांसमोर आईच्या मुस्काटात मारली. हा माणूस मारायचाच. भोंग्याचा कान त्याने पाण्याच्या नळीने फाडला होता. मालकीणबाईंचा जावई, बोलणार कोण? आई पडली, उठली, ओठाचं रक्त मनगटाने पुसलं आणि म्हणाली, "परत हात उचललात ना, तर याच गिरमिटाने तुमचं डोकं उघडीन आणि आत किती कोरडं आहे ते मोजीन."

वीसच्या वीस माणसं हसली. म्हणजे वीस साक्षीदार.

मग आईने त्याला दोन नंबरचा सेन्सर उपटून दाखवला. भोवती बोट जाईल एवढी फट. आजूबाजूला मुळं पाण्यात सडत होती आणि सेन्सर बापडा फटीतली हवा मोजून 'बारा, बारा' सांगत होता, आणि कॉम्प्युटर पाणी ओतत होता. आईने चिखल भरून तो नीट बसवला. पाव तासात आकडा तीसवर. मॅनेजरने माफी मागितली नाही, ती त्याच्या रक्तात नव्हती. एवढंच विचारलं, "हा बसवला कोणी होता?"

"मी रजेवर होते," आई म्हणाली. "ज्याने बसवला त्याला विचारा."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो मेला.

३

इन्स्पेक्टरबाई आल्या त्या थेट चिखलात. सहा नंबरच्या पाण्याची पाळी रविवारी पहाटेची, ती ठरल्याप्रमाणे सुटून गेली होती, आणि अख्खा तुकडा नुसता रबरबाट. त्यांचे नवेकोरे बूट घोट्यापर्यंत बुडाले. त्यांनी एक शिवी हासडली. ती मी इथे लिहिणार नाही, पण लक्षात ठेवली आहे.

"रक्त सांडलं असेल तर धुऊन गेलं," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, काल तीन ते पाचच्या मध्ये. पाच घाव. गिरमिट कुणाचं?"

"माझं," आई म्हणाली.

"काल दुपारी कुठे होतात?"

"इथेच. सहा नंबरला. साडेतीन ते साडेचार. सेन्सर तपासत होते."

"बरोबर कोण होतं?"

"कोणी नाही. पण गिरमिट मी आणलं नव्हतं. चार बोटांवरच्या सेन्सरला खुरपं पुरतं. गिरमिट शेडमध्ये होतं."

"तुमचं आणि मॅनेजरचं भांडण झालेलं?"

"मिटलं होतं. त्याला कळलं होतं की चूक माझी नाही."

"याला साक्षीदार?"

"तोच," आई म्हणाली. "मेला."

इन्स्पेक्टरबाईंनी मालकीणबाईंच्या ऑफिसात बसून एकेकाला बोलावलं. मी खिडकीखालच्या कुंडीवर बसले. कोणी हाकललं नाही; एवढ्या गडबडीत शाळेच्या पोरीकडे बघतो कोण!

भोंगा आत जाऊन आधी रडला. मग नाक शिंकरून म्हणाला, "मॅडम, देवाशपथ मी नाही मारलं. म्हणजे मारलंय. रोज मारलंय, पण झोपेत. जागेपणी हिंमत नाही झाली."

"काल चार वाजता?"

"पंप उघडून बसलो होतो. पाच जण होते बरोबर, हात काळे झालेत, बघा. आणि ताईंनी गिरमिट नेलं नव्हतं. साडेतीनला ताई निघाल्या तेव्हा ते शेडच्या भिंतीला टेकलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. पाचला नव्हतं."

"ताईंसाठी खोटं बोलाल?"

"बोलेन की," भोंगा म्हणाला. "पण हे खरं आहे."

असला साक्षीदार असण्यापेक्षा नसलेला बरा!

मग मालकीणबाई. त्यांनी चहाचा कप उचलला आणि बशीत इतका खडखडाट झाला की इन्स्पेक्टरबाईंनीच तो त्यांच्या हातातून घेतला. "हात बघताय ना माझे?" मालकीणबाई म्हणाल्या. "कप पेलत नाही. पेलला असता तर दोन वर्षांपूर्वीच हे काम झालं असतं. माझ्या लेकीच्या पाठीवर त्याने पट्ट्याने काय काय काढून ठेवलंय, दाखवू? जावई मेला म्हणून मी रडणार नाही. पण त्या सेन्सरवाल्या पोरीला गोवू नका. ती बोलते तिखट, करत काही नाही."

"जे करत नाहीत त्यांचं गिरमिट प्रेतावर कसं सापडतं?" इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या.

शेवटी चष्मा आला. इस्त्रीचा शर्ट, मान खाली, डावा हात पँटच्या खिशात. उजव्या हातात एक कागद.

"मॅडम, बाईंविरुद्ध बोलायला फार जड जातंय," तो म्हणाला. "पण आकडे खोटं बोलत नाहीत."

४

त्या कागदावर वर लिहिलं होतं, 'तुकडा सहा, शनिवार'.

चष्मा एका हाताने कागद सपाट करत समजावू लागला. मी कुंडीवर टाचा उंचावून ऐकत होते.

"हे बघा. पावणेचारला ओलावा तीस. सगळं नेहमीसारखं. चारला ओलावा अडतीस, आणि खार एकदम तिप्पट. आता मातीत एकदम खार कुठून येणार? खत घातलेलं नाही, पाणी सोडलेलं नाही." तो थांबला. "रक्त खारट असतं, मॅडम."



"चार वाजता सहा नंबरच्या सेन्सरवर त्यांचं रक्त सांडलं. लिटरभर तरी. मग सव्वाचारला बघा, शून्य. झटापटीत केबल ओढली गेली, सेन्सर मातीबाहेर आला, म्हणून हवेचा आकडा. साडेचारला तो परत कोणीतरी खोचला. बारा. तिथून संध्याकाळी सहापर्यंत बारा."

"आणि बाई म्हणतात त्यांनी तपासणी केली."

"तपासणीत सेन्सर बादलीत बुडवतात. मग शंभरचा आकडा कुठे आहे? नाहीये. बाईंनी सेन्सर तपासलाच नाही." त्याने चष्मा वर सरकवला. "त्या वेळी त्या दुसरंच काहीतरी करत होत्या."

बाहेर दोन शिपाई आईला ऑफिसमागच्या खतांच्या खोलीत घेऊन गेले. कडी लागल्याचा आवाज मला इथपर्यंत आला.

इन्स्पेक्टरबाई बाहेर आल्या तेव्हा मी त्यांच्या वाटेतच उभी होते.

"तू तिची मुलगी?"

"हो. घरात आम्ही दोघीच असतो. आईने नाही मारलं."

"सगळ्यांच्याच आईने मारलेलं नसतं," त्या म्हणाल्या, पण जरा हळू. "पाच वाजता गाडी येईल. तिचे दोन कपडे आणून दे."

घड्याळात चार वाजायला दहा मिनिटं होती.

५

मी कपडे आणले. येताना ऑफिसच्या टेबलावरून त्या कागदाची दुसरी प्रतही उचलली. चोरी म्हणा हवं तर.

खतांच्या खोलीला गजांची खिडकी आहे. आई गोणीवर बसली होती. गालावर शुक्रवारची पाच बोटं अजून पिवळी-जांभळी दिसत होती.

"दार आतून लावत जा," ती म्हणाली. "मावशीला फोन कर, ती येईल राहायला. परीक्षा बुडवायची नाही. आणि गॅस—"

"आई, गप्प बस ना!"

"तू मला गप्प बस म्हणतेस?" ती हसायला गेली आणि तिची हनुवटी थरथरली. आईची हनुवटी! वीस माणसांसमोर मार खाऊन जी हलली नव्हती.

मी गजातून हात घातला. तिने तो धरला. तिच्या अंगठ्यावर वाळलेला चिखल होता, कालचा, सहा नंबरचा. माझी आई खोटं बोलत नव्हती, पण अंगठ्यावरचा चिखल कोर्टात चालत नाही.

"काल तू नक्की बादलीत बुडवला होतास?"

"चारला हवेत धरला, सव्वाचारला बादलीत. दोन्ही वेळा नोंद जाईपर्यंत थांबले. मग चिखल भरून दाबला. नेहमीसारखं."

"मग या कागदावर का नाही? हे बघ, चारला अडतीस, सव्वाचारला शून्य, साडेचारला..."

आणि माझं तोंड बंद झालं.

आई घाबरली. "काय झालं? टकळे? बोल ना!"

मी परत वाचलं. सव्वाचारला शून्य. शू-न्य.

फुगी आयुष्यात कधी शून्य झालेली नाही.

आणि त्याच्या खाली बारा. तीस होतं, मग बारा. भर दुपारीसुद्धा माती पाऊण तासात एवढी वाळत नाही. बारा हा आकडा मी परवाच ऐकला होता. तो मातीचा आकडा नव्हता. तो फटीचा होता.

मी धावत सुटले. मागून आई ओरडत होती, "अगं, कपडे तरी दे आत!"

६

इन्स्पेक्टरबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मी एका श्वासात सांगितलं, त्यामुळे त्यांनी दुसऱ्यांदा सांगायला लावलं.

"म्हणजे तुझं म्हणणं, हा कागद सहा नंबरचा नाहीच."

"सहा नंबरला फुगी आहे. तिला हवेत धरा. शून्य आलं तर मी गप्प बसेन. जन्मभर!"

"भलतीच पैज लावतेस," त्या म्हणाल्या आणि शिपायाला माझ्याबरोबर धाडलं.

पावणेपाचला आम्ही सगळे शेडमध्ये होतो. मालकीणबाई खुर्चीवर, भोंगा दारात, चष्मा कॉम्प्युटरजवळ. शेडमध्येही एक कॉम्प्युटर असतो. शिपायाने आईलाही आणलं, कारण गाडी यायची वेळ झालीच होती. टेबलावर पाण्याने भरलेली लोखंडी बादली, आणि मी माझ्या हातांनी उपटून आणलेली फुगी. केबलवर लाल नेलपॉलिशने लिहिलेलं, फुगी, अधिक सात.

इन्स्पेक्टरबाईंनी फुगीला स्वतःच्या रुमालाने पुसलं, मीटरला जोडलं आणि हवेत धरलं.

सात.

"चिखलातून आलाय," चष्मा म्हणाला. "ओल राहिली असेल."

त्यांनी परत पुसलं. फुंकर मारली. भोंग्यानेही उगाच एक फुंकर मारली. सात.

"जुना सेन्सर आहे हो. काल शून्य दाखवला असेल, आज सात दाखवतोय. एका पोरीच्या नेलपॉलिशवरून तुम्ही खुनाचा..."

"कागद शनिवारी सहालाच का संपतो?" इन्स्पेक्टरबाईंनी मध्येच विचारलं.

"खून चारला झाला. पुढचं कशाला हवं?"

"मला हवंय. सहा नंबरचा आज पहाटेचा आकडा काढा."

चष्मा हलला नाही. मग उजव्या हाताने एक एक अक्षर दाबू लागला. डावा खिशातच. पडद्यावर सहा नंबर आला. पहाटे चार, बारा. पाच, बारा. सहा, बारा. सात, बारा.

इन्स्पेक्टरबाईंनी पाय उचलला आणि बूट धाडकन टेबलावर ठेवला. वाळलेल्या चिखलाची ढेकळं कीबोर्डवर सांडली.

"आज सकाळी मी सहा नंबरमध्ये घोट्यापर्यंत रुतले," त्या म्हणाल्या. "तुमच्या आकड्यांप्रमाणे तिथे पाण्याचा थेंब पडलेला नाही. मग हे माझ्या बुटाला काय लागलंय? पावडर?"

"आता दोन नंबर काढा!" मी ओरडले. "शनिवारचा!"

त्याने काढला नाही. मालकीणबाईंनी उठून, थरथरत्या बोटाने, स्वतः दोनचं बटण दाबलं.

शनिवार दुपार. चार, सात. सव्वाचार, एकशे सात. साडेचार, एकवीस. आणि रविवारी पहाटे पाण्याबरोबर वर चढलेला आकडा.

हवेत सात, बादलीत एकशे सात, मग माती. आईची सगळी दुपार तिथे होती. माझी आई चार वाजता फुगी हातात धरून उभी होती आणि फुगीने ते लिहून ठेवलं होतं.

"नावं बदललीत," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. "दोनचं सहा आणि सहाचं दोन."

पुढचं फार पटकन झालं.

माझे केस मागून कोणीतरी मुठीत धरून ओढले. मान मागे गेली. भिंतीवरची छाटणीची करवत आता भिंतीवर नव्हती, तिचे दात माझ्या हनुवटीखाली होते. "बाजूला व्हा," चष्मा माझ्या कानात ओरडत होता, त्याची थुंकी माझ्या गालावर उडत होती. "सगळे बाजूला! हिचा गळा कापीन!" कातडी फाटल्याचं मला कळलं. काहीतरी कोमट कॉलरमध्ये उतरत गेलं. इन्स्पेक्टरबाईंचा हात पिस्तुलावर होता, पण मी मध्ये होते.

त्याने करवत उजव्या हातात धरली होती. म्हणजे माझे केस डाव्या हातात होते. आणि त्या हातात जोर नव्हता. बोटं केसांत होती, पण खांद्यातून कापत होती.

मी सगळं वजन टाकून खाली बसले. केसांचा एक झुपका त्याच्याकडे राहिला.

आणि आईने बादली फिरवली.

पाण्याने भरलेली लोखंडी बादली, दोन्ही हातांनी, पार पाठीमागून आणलेली. आधी त्याच्या डाव्या खांद्यावर. तो जनावरासारखा किंचाळला. दुसरी, परत फिरताना, तोंडावर. चष्म्याची काच फुटल्याचा आवाज आणि नाकाचं हाड मोडल्याचा आवाज वेगवेगळा येतो, हे मला त्या दिवशी कळलं. तो आडवा पडला. आईने तिसऱ्यांदा बादली उचलली.

"ताई," भोंग्याने तिचा हात धरला. पहिल्यांदाच तो हळू आवाजात बोलला. "ताई, बस. हवा गेली त्याची."

बादलीच्या तळाशी उरलेलं पाणी गुलाबी होत चाललं होतं.

७

शिपायाने त्याचा शर्ट फाडला. डाव्या खांद्यापासून दंडापर्यंत काळानिळा पट्टा, पाइपाच्या जाडीचा. कालचा.

दोन नंबरमध्ये मेलेल्या झाडांखाली वाळलं गवत पसरलेलं असतं, सगळीकडे सारखं. एका जागी ते जरा जास्तच जाड होतं. इन्स्पेक्टरबाईंनी ते पायाने बाजूला केलं आणि माश्यांचा ढग उठला. खाली माती काळी पडून तडकली होती. मधोमध सेन्सर उभा होता, नुसता खोचलेला, भोवती बोटभर फट.

"हे ताईंनी बसवलेलं नाही," भोंगा म्हणाला. "मीही नाही. चिखल मीच कालवून देतो दर वेळी. मागच्या खेपेला ताई रजेवर होत्या, तेव्हा मला कोणी चिखल कालवायला बोलावलंच नव्हतं. हा साहेब म्हणाला होता, काय त्यात, खोचला की झालं."

आईने दोन बोटांनी सेन्सर अलगद उपटला. फटीच्या तळाशी काहीतरी पांढरं चमकलं. सेन्सर खोचताना चष्म्यानेच ते खाली ढकललं होतं.

मॅनेजरचा दात.

चष्मा गाडीत बसताना सगळं बोलला, तुटक तुटक, नाकातून रक्ताचे बुडबुडे काढत. मॅनेजरने त्याला शनिवारी दोन नंबरला बोलावलं. कुजलेली मुळं दाखवायला स्वतःच शेडमधून गिरमिट घेऊन आला. खड्डा पाडला, सडकी मुळं त्याच्या तोंडाला फासली, आणि मग पाइप काढला. "सगळं गाव गोळा करून सांगीन म्हणाला. परत कुठे काम मिळू देणार नाही म्हणाला. पहिला फटका त्याने मारला, मॅडम. पहिला त्याचा होता."

"खांदा सांगतोय," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. "आणि पुढचे पाच?"

तो एकदम पुढचंच सांगू लागला. आई सहा नंबरहून निघून गेल्यावर त्याने प्रेत बॅटरीगाडीत घालून तिथल्या खड्ड्यात टाकलं होतं, पहाटेच्या पाण्याच्या भरवशावर. "नोंद पुसता येत नाही," तो शेवटी पुटपुटला. "नावंच तेवढी बदलता येतात. मला वाटलं, दोन नंबर कोण बघतंय."

मालकीणबाई गाडीमागे बघत उभ्या राहिल्या. "चांगला माणूस होता का तो?" त्यांनी कुणाला तरी विचारलं. मॅनेजरबद्दल की इंजिनिअरबद्दल ते कळलं नाही.

माझ्या गळ्याला चार टाके पडले. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर बोलायचं नाही. भोंग्याने ते ऐकून डोक्याला हात लावला.

संध्याकाळी अंधार पडायच्या आत इन्स्पेक्टरबाई पुराव्याच्या पिशव्या भरत होत्या. गिरमिट, करवत, दात. दोन नंबरचा सेन्सर हातात घेऊन त्या आईकडे वळल्या.

"याच्या पट्टीवर काहीच लिहिलेलं नाही. याला नाव नाही?"

"याची काही खोड नव्हती," आई म्हणाली. "खोड असली तरच नाव देते."

मग तिने माझ्याकडे बघितलं. मी आयुष्यात प्रथमच बोलू शकत नव्हते, नुसते हातवारे करत होते. आईने माझ्या खिशातून नेलपॉलिश काढलं, झाकण दाताने उघडलं, पट्टी मांडीवर सरळ केली आणि जपून, गोल अक्षरात लिहिलं.

टकळी.

"याची कसली खोड?" इन्स्पेक्टरबाईंनी विचारलं.

आईने ओल्या अक्षरांवर हळूच फुंकर घातली.

"कोणी विचारलं नाही तरी सगळं सांगून टाकते."